मिठाईवाल्या बापाची ओढाताण खोटी नाही

मा. संपादक,


‘अंग्रेज़ी मीडियम’ या चित्रपटावरील आपला लेख वाचला. उदयपुरात मिठाईची चालती दुकाने असलेल्या त्यातल्या बापाला मुलीच्या लंडनच्या फीची विवंचना कशी, हा लेखकाचा आक्षेप मला मुळीच पटत नाही. दुकान असणे वेगळे आणि हातात रोकड असणे वेगळे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, पण परदेशातल्या पदवीला ते कुठे पुरणार? त्यापुढे बँक सहसा घर किंवा दुकान गहाण मागते. शिवाय ब्रिटनच्या व्हिसासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असावी लागते. आमच्या शेजारच्या मिठाईवाल्याने दिवाळीच्या तोंडावर, तूप-साखरेची उधारी डोक्यावर असताना, ही रक्कम उभी केली. जयपूरच्या जोहरी बाजारात त्याच्या बायकोच्या पाटल्या काट्यावर चढल्या, तेव्हा मी सोबत होतो. सराफाने आधी त्यांत भरलेली लाख काढून टाकली, मग वजन केले.

चित्रपटातला बनावट पासपोर्टचा भाग ताणलेला आहे, हे मान्य. पण इरफान खानने रंगवलेला हा बाप, चंपक, मला पदोपदी ओळखीचा वाटला. इरफान आमच्या जयपूरचाच, आणि ही भूमिका त्याने गंभीर आजारात केली.

राहिला तिकीटबारीचा मुद्दा. चित्रपट 13 मार्च 2020 रोजी लागला आणि काही दिवसांतच कोरोनामुळे देशभरची चित्रपटगृहे बंद झाली. तेव्हाच्या गल्ल्यावरून ‘प्रेक्षकांनी नाकारला’ असे लिहिणे अन्यायाचे आहे.

— एक वाचक, बापूनगर, जयपूर