लायकी कोणी ठरवायची?

उत्क्रांतीच्या तत्त्वावर संगणकाकडून व्यवहारातील प्रश्न सोडवून घेण्याची एक ज्ञानशाखा गेल्या साठ वर्षांत बहरली आहे. १९६० नंतरच्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल यांनी ही वाट प्रथम चोखाळली. अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात तिला शास्त्रीय बैठक दिली. अभियंत्यांच्या वर्तुळात तिचे कौतुक पुष्कळ होते. श्रमिकांच्या चळवळीत मात्र तिची चर्चा जवळपास नाही, आणि ही उदासीनता परवडणारी नाही.

कर्जतच्या शेतकऱ्याला ही रीत समजावून देण्यास फार प्रयास पडू नयेत. तेथील भात संशोधन केंद्रातून 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' यांसारखी वाणे बाहेर पडली ती संकर आणि निवड यांच्याच बळावर. दोन वाणांचा संकर करावा, पुढच्या पिढीतील असंख्य रोपांतून उजवी तेवढी राखावीत, बाकीची टाकावीत, आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालवावा. संगणकात रोपांच्या जागी उत्तरे असतात, एवढाच भेद. आरंभी शेदोनशे उत्तरे वाटेल तशी मांडली जातात, प्रत्येकाची लायकी मोजली जाते, सरस उत्तरांचा संकर होतो, मधूनच एखादा अंक मुद्दाम बदलला जातो. शेतात ज्याला दहा-बारा वर्षे लागतात ते येथे घटकाभरात उरकते. २००६ साली अमेरिकेच्या 'नासा'ने अवकाशात पाठवलेल्या तीन छोट्या उपग्रहांवरील वेडीवाकडी अँटेना अशाच रीतीने घडवली होती. तसा आकार कोणा अभियंत्याने कागदावर काढण्याचे धाडस केले नसते.

परंतु सारी मेख 'लायकी' या शब्दात आहे. १९६०च्या दशकात 'तायचुंग नेटिव्ह-१' आणि 'आयआर-८' ही बुटकी वाणे आली. त्यांचे मोजमाप हेक्टरी क्विंटल या एकाच मापाने झाले, आणि त्या मापाने ती निःसंशय श्रेष्ठ होती. कोकणातला शेतकरी मात्र दाण्याबरोबर पेंढाही मोजत होता, कारण त्याच्या दावणीला गुरे होती. वरकस जमीन कसणाऱ्याला हळवे भात हवे, खोल खाचर असणाऱ्याला गरवे परवडते. रोप तेच असते. माप बदलले की विजेता बदलतो. हे माप निसर्ग ठरवीत नाही, संगणक तर नाहीच नाही. ते माणूस ठरवतो, आणि कोणता माणूस, हा अर्थातच सत्तेचा प्रश्न आहे.

हा प्रश्न कर्जत-खालापूरला पाण्याच्या रूपाने भेडसावतो. घाटमाथ्यावरचे पाणी खाली पाडून खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. टाटांच्या धरणांतून वर्षाला सरासरी ४२.६ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने मान्यता दिली. त्या धरणांपैकी मुळशीसाठी जमीन गमावणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला व सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला, हे या पृष्ठाच्या वाचकांस सांगावयास नको. भिवपुरीला वीज करून सुटलेले पाणी राजनाल्याने कर्जतच्या उन्हाळी भाताला मिळते व उल्हास नदीतून ठाणे जिल्ह्यातील शहरांकडे जाते. खोपोलीचे पाताळगंगेतून कारखान्यांकडे. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कातकरी-ठाकरांच्या वाड्याही याच दोन तालुक्यांत आहेत.

आता २०२३च्या ऑगस्टमध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात झालेल्या करारानुसार भिवपुरीला १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प योजला आहे. विजेची रेलचेल असताना पाणी वर चढवायचे, टंचाईच्या वेळी खाली सोडायचे. केव्हा किती सोडायचे, हे अशा प्रकल्पांत गणिताने ठरते, आणि उत्क्रांतीची रीत अशा गणिताला चांगली लागू पडते. कर्नाटकातील भद्रा जलाशयासाठी जांगा रेड्डी आणि नागेश कुमार या संशोधकांनी ती वापरली. सिंचनातील तूट कमीत कमी आणि वीज जास्तीत जास्त, अशी परस्परविरोधी दोन उद्दिष्टे त्यांनी एकत्र मांडली. कानपूरच्या आयआयटीत कल्याणमय देब व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली अशा बहुउद्देशी गणिताची पद्धत आज जगभर वापरात आहे.

या बहुउद्देशी गणितातून एक उत्तर निघत नाही, उत्तरांची रांगच निघते. त्यांतील कोणत्याही उत्तरात एका बाजूचे काही काढून घेतल्यावाचून दुसऱ्या बाजूला काही देता येत नाही. इटालियन अर्थशास्त्रज्ञ परेटो याच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते. एकीकडे ऐषाराम आणि दुसरीकडे उपासमार असतानाही ही कसोटी पूर्ण होऊ शकते, हे अमर्त्य सेन यांनी १९७०च्या ग्रंथात दाखवून दिले आहे. सारे पाणी विजेला आणि राजनाला कोरडा, हेदेखील या रांगेतले एक 'इष्टतम' उत्तर असू शकते. रांगेतले कोणते उचलायचे, ते यंत्र सांगत नाही.

म्हणून यंत्राला विरोध करणे हा शुद्ध भाबडेपणा होईल. उलट, रांग समोर आली की प्रत्येक युनिट विजेसाठी किती एकर भात सोडावे लागते, हे प्रथमच उघड्यावर मांडता येते. आजवर ते कंपनीच्या व खात्याच्या दप्तरात दडलेले असे. मात्र गणित मांडणाऱ्याने उद्दिष्टांत केवळ रुपये आणि मेगावॅट घातले, तर वाडीवरचा हंडा त्या हिशेबात कधीच शिरणार नाही, पिढ्या हजार झाल्या तरी.

तेव्हा कर्जत आणि खालापूरच्या कार्यकर्त्यांनी भिवपुरीच्या बाबतीत मागणी करावयाची ती नेमकी असावी. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकामागील उद्दिष्टे आणि त्यांचे परस्पर वजन मराठीत प्रसिद्ध व्हावे. पर्यायी उत्तरांची संपूर्ण रांग ग्रामसभांपुढे व जिल्हा परिषदेपुढे ठेवली जावी. राजनाल्याच्या पाळ्या आणि वाड्यांचे पिण्याचे पाणी ही उद्दिष्टे न धरता, कोणत्याही उत्तराला मोडता येणार नाही अशा अटी म्हणून घातल्या जाव्यात. त्यांना सौदेबाजीत ओढू नये. गणितात अशी अट घालणे मुळीच अवघड नाही. ती कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने यावयाची, याचे उत्तर मंत्रालयाने प्रकल्पाचे काम पुढे रेटण्यापूर्वी द्यावयास हवे.