साचा मोडा, नायक राखा

अचाट पराक्रमी नायकांच्या चित्रपटमालिकेकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली, तर निर्मितीसंस्थेने ती सोडावी काय? अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सने २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’पासून मांडलेला डाव अनेक अपयशांनंतर २०२३ मध्ये आवरला आणि २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ नव्याने आणला. हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

हे शहाणपण आपल्या ‘प्रभात’ने फार पूर्वी दाखविले होते. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला अपूर्व यश लाभूनही संस्थेने केवळ संतपटांचा साचा गिरविला नाही. १९३७ मध्ये ‘कुंकू’, १९३९ मध्ये ‘माणूस’ आला. मगच १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’.

मालिका सोडल्यास गुंतविलेले भांडवल बुडेल, असा युक्तिवाद केला जातो. परंतु बुडालेला पैसा त्यामागे आणखी पैसा टाकून वर येत नाही. शिवाय, वाशीम-कारंज्याचा शिक्षक वा कारकून घरखर्चात काटकसर करून तिकीट काढतो. तो दोनदा फसला, की चांगल्या चित्रपटालाही मुकतो आणि चित्रपटगृह ओस पडते. हे नुकसान कोणत्याच हिशेबवहीत दिसत नाही. नायकाला निरोप देण्याचे कारण नाही. थांबण्याचे धैर्य तेवढे हवे.