पडद्यावरील कुसळ, पडद्यामागील मुसळ

दूरदर्शनवरील जुन्या युद्धमालिका पाहावयास बसले म्हणजे त्यांतील चुका हुडकून काढणे हा अलीकडे घरोघरचा विरंगुळा होऊन बसला आहे. या क्षणी योद्ध्याच्या उजव्या खांद्यावर असलेला शेला पुढच्याच क्षणी डाव्या खांद्यावर कसा गेला, घायाळ वीराच्या कपाळावरील रक्त आपोआप कसे पुसले गेले, हे मुलांच्या तीक्ष्ण नजरेतून सुटत नाही. सन २०२० च्या टाळेबंदीत रामानंद सागरांचे ‘रामायण’ आणि बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ या मालिका पुन्हा दाखविण्यात आल्या, तेव्हा या छंदाला तर ऊतच आला. भीष्मांच्या मागे हवा थंड करणारा कूलर दिसतो, असा शोध कोणी लावला आणि ते चित्र मोबाइलवरून गावोगाव पोहोचले. सारे खूप हसले. पुढे काहींनी तोच प्रसंग लक्ष देऊन पाहिला, तेव्हा कूलर म्हणून दाखविलेली ती वस्तू राजवाड्याच्या नक्षीदार खांबाचाच भाग असल्याचे त्यांनी सांगितले. हसणारे मात्र तोवर पुढच्या चुकीकडे वळले होते.

अशा चुका होतात तरी का? पडद्यावर जे दोन मिनिटांत घडते, ते टिपावयास कित्येकदा दोन-तीन दिवस लागतात. प्रसंगही कथेच्या क्रमाने टिपले जात नाहीत. एका राजवाड्यातील सारी दृश्ये आधी उरकून घेतात व रणांगणाची दृश्ये नंतर घेतात. मग कथेत लागोपाठ येणारी दोन चित्रे प्रत्यक्षात महिन्याच्या अंतराने घेतलेली असू शकतात. कोणाच्या कपाळी कोणता टिळा होता, समई किती जळली होती, तलवार कोणत्या हाती होती, याची वहीत नोंद ठेवण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. शेकडो माणसे, घोडे व शस्त्रे यांच्या गर्दीत त्याच्याही नजरेतून एखादी गोष्ट सुटते. त्याला दोष देताना त्याने सांभाळलेल्या हजार गोष्टी आपण विसरू नयेत.

खोट्याला खऱ्याचे रूप देण्याची ही कला आपल्या भागाला परकी नाही. निपाणीहून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपल्या हातांनी कॅमेरा घडविला व १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता की, परिनिरीक्षकांनी तो कापावयास लावला. पडद्यावरील मरण खोटे असते व कीचकाचे काम करणारा नट सायंकाळी सुखरूप घरी जातो, हाच या कलेचा आधार होय. एकदा मात्र हा आधार तुटला, आणि तोही आपल्याच कर्नाटक राज्यात.

‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ही मालिका आमच्या प्रौढ वाचकांना आठवत असेल. भगवान गिडवाणी यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या मालिकेत टिपूची भूमिका संजय खान यांनी केली होती. तिचे चित्रण म्हैसूर येथील प्रीमियर स्टुडिओत चालू असता, दिनांक ८ फेब्रुवारी १९८९ रोजी तेथे आग लागली व तीत ६२ माणसे मृत्युमुखी पडली. संजय खान स्वतः भयंकर भाजले. त्यांना वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात काढावा लागला आणि त्यांच्यावर सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

या आगीची जी कारणे पुढे सांगण्यात आली, ती वाचली म्हणजे मन विषण्ण होते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट लावले होते. विजेच्या तारा ढिल्या होत्या. प्रचंड दिव्यांनी आतील हवा भट्टीसारखी तापली होती आणि ती बाहेर जावयास पुरेशी झरोकेही नव्हते. आग विझविण्याच्या साधनांच्या जागी वाळू आणि पाण्याच्या काही बादल्या होत्या. तंबाखूच्या वखारीत ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्या निपाणीकराला गोणपाट किती झपाट्याने पेट घेते हे सांगावयास नको.

पुढे चित्रण पुरे झाले व १९९० साली मालिका दूरदर्शनवर आली. ही कथा कल्पित आहे, अशी सूचना तीसोबत दाखविली जाई. कथा कल्पित होती हे खरे. तिच्यापायी गेलेले ६२ जीव मात्र कल्पित नव्हते. शेला कोणत्या खांद्यावर आहे हे आपण पाहिले. भिंतीचे गोणपाट पडद्यावर दिसण्याजोगे नव्हते. प्रभू येशूने कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टान्त दिला, तो मनुष्याच्या नजरेची हीच खोड ओळखून. बारीकसारीक दोष हेरणाऱ्या डोळ्यांना मोठा दोष दिसत नाही, कारण तो पाहिला म्हणजे उठून काहीतरी करावे लागते.

वाचकहो, हा दृष्टान्त आपल्या घराला व धर्मग्रामालाही लावून पाहावा. नाताळात आपण गोठा उभारतो. त्यात वाळलेले गवत असते, कागदाचे डोंगर असतात, आणि त्यांवरून विजेच्या दिव्यांच्या माळा सोडतो. सणाच्या मंडपात कापडी पडदे बांधतो व शेजारीच फटाके उडवितो. नाटकाच्या रंगमंचामागे मुले दाटीने उभी असतात व मागचे दार कित्येकदा कुलूपबंद असते. देवदूताचा एक पंख वाकडा झाला तर आपण आठ दिवस हसतो. पण उघडी पडलेली तार “एका रात्रीपुरती आहे, चालेल,” असे म्हणून सोडून देतो.

चालेल, हा शब्द फार महाग पडतो. यंदा गोठा बांधण्यापूर्वी माळा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्याव्यात. गवताला दिवे टेकू देऊ नयेत व निजण्यापूर्वी ते मालवावेत. नाटकाच्या रात्री दोन्ही दारे उघडी ठेवावीत. मुख्य बटण कोठे आहे हे निदान चौघांना ठाऊक असावे, आणि विजेची आग लागल्यास प्रथम ते बंद करावे, तिच्यावर पाणी ओतू नये. या कामी फारसा पैसा लागत नाही. कोणीतरी जबाबदारी अंगावर घ्यावी लागते, एवढेच.

आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी आपल्या आप्तांसाठी मेणबत्ती लावाल, तेव्हा म्हैसूरच्या त्या ६२ जणांसाठीही एक प्रार्थना म्हणावी. ते आपली करमणूक घडवावयास गेले होते, आणि घरी परतले नाहीत.