हमीला मुदत, दुरुस्तीला का नाही?

हमीच्या मुदतीत बिघडलेला लॅपटॉप सेवा केंद्रात जमा केला की ग्राहकाच्या हाती तक्रार क्रमांक पडतो. त्यानंतर दूरध्वनीवर एकच उत्तर मिळत राहते : सुटा भाग अजून आलेला नाही. विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा लेखापालाची विवरणपत्रे मात्र त्या भागासाठी थांबत नाहीत.

मुळात हमीपत्रावर हमीची मुदत ठळक छापलेली असते, दुरुस्तीची मुदत बहुधा नसतेच. अनेक सेवा केंद्रे कंत्राटदार चालवतात; सुट्या भागांचा साठा उत्पादकाच्या हाती असतो. परिणामी समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार असतो तो ग्राहकाला भेटत नाही. वर्षभराच्या हमीतील दोन महिने यंत्र केंद्रातच पडून राहिले, तर ग्राहकाच्या पदरात दहाच महिने पडतात. विलंब उत्पादकाचा आणि भुर्दंड ग्राहकाला, असा हा व्यवहार आहे.

कायद्याचा आधार नाही असे नव्हे. २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीबद्दल राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. तथापि आयोगाने निकाल देण्यासाठी कायद्यानेच तीन महिन्यांचे, वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. महिनाभराच्या विलंबासाठी एवढी पायपीट कोण करणार?

यावर उपाय अन्यत्र सापडतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात हमीतील दुरुस्तीसाठी सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मर्यादा आहे. शिवाय वस्तू दुरुस्तीत अडकलेले दिवस हमीच्या मुदतीत वाढवून मिळतात. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात कायदेशीर हमीखाली दुरुस्ती स्वीकारणाऱ्या ग्राहकाला एक वर्षाची वाढीव हमी देण्याची तरतूद केली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्हच आहे. परंतु माहिती मिळणे आणि मुदतीचे बंधन असणे यांत अंतर आहे.

दुरुस्तीला निश्चित कालमर्यादा आणि प्रतीक्षेच्या दिवसांची भरपाई, एवढ्या दोन तरतुदी झाल्या तरी चित्र बदलेल. हमी ही उत्पादकाची मेहेरबानी नव्हे; तिची किंमत ग्राहकाने यंत्रासोबतच मोजलेली असते.