इमोजी आपोआप, नस्तालीक मागून घ्या

लिनक्स टाकलेल्या नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी रंगीत इमोजी दिसतात. उबुंटूने 2018 च्या 18.04 आवृत्तीपासून ‘नोटो कलर इमोजी’ हा फॉन्ट सोबतच दिला. हसरे चेहरे, समोसा नाही तर निदान पिझ्झा, सगळं हजर.

इमोजीला माझा विरोध नाही. हरकत क्रमाला आहे. त्याच मशीनवर उर्दू शाळेतल्या मुलाने ‘किताब’ टाइप केलं की बहुतेक वेळा शब्द नस्ख वळणात, सरळ ओळीत उमटतो. त्याच्या पाठ्यपुस्तकातली उर्दू मात्र नस्तालीक असते, वरून खाली तिरकी उतरणारी. नस्तालीक फॉन्ट डेबियन-उबुंटूच्या भांडारात आहे. पण तो टाकावा लागतो, आणि टाकल्यावरही फॉन्ट निवडणारी ‘फॉन्टकॉन्फिग’ व्यवस्था नस्खलाच पुढे बसवू शकते.

काही जण म्हणतात, ‘नस्खही वाचता येतंच ना? कुरआन नस्खमध्येच वाचता.’ वाचतो. अरबी नस्खमध्ये, उर्दू नस्तालीकमध्ये, हा फरक आमचं मूल लहानपणीच शिकतं. मराठी वाचकांनी 6 नोव्हेंबर 2009 चा शासन निर्णय आठवावा. मराठीचा ल पाकळीचा की दंडाचा, श देठाचा की शेंडीचा, हे ठरवायला सरकारला स्वतंत्र निर्णय काढावासा वाटला. दोन्ही ल वाचता येतातच. तरी आपलं वळण आपलं असतं. उर्दूचं म्हणणं याहून वेगळं नाही.

दुसरा बचाव, नस्तालीक संगणकाला अवघड. एके काळी होतं. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं ‘नूरी नस्तालीक’ आलं, तेव्हा हजारो जोडरूपं आधी हाताने लिहावी लागली. त्याआधी उर्दू वर्तमानपत्रं कातिब लिहीत. पण 2014 मध्ये ‘नोटो नस्तालीक उर्दू’ आला, तोही फुकट आणि खुल्या परवान्याचा. लिनक्सवर अक्षरं जोडणाऱ्या यंत्रणेचं नावच ‘हार्फबझ’, म्हणजे फारसीतलं ‘हर्फ-बाज़’, खुलं अक्षर! नाव फारसीतून घेतलं, आणि उर्दूचं वळण दारात उभं.

तिसरा बचाव, ‘एक कमांड तर द्यायची!’ कुणी द्यायची? नरडाण्यासारख्या गावात शाळेच्या मशीनला नेट असेलच असं नाही. आणि असा फॉन्ट असतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार काय? आपोआप जे मिळतं, तेच बहुतेकांसाठी सगळं असतं. सोबत काय द्यायचं हे ठरवणारा माणूस कुणाची भाषा आधी, हेही ठरवत असतो.

आता आपल्या घरचं. आपल्या कितीतरी संस्था अजून इनपेजवर मजकूर बनवतात आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवतात. फोटोत शब्द शोधता येत नाही, अंध माणसाला मशीन तो वाचून दाखवत नाही. युनिकोडमध्ये उर्दू लिहिणारे दिसलेच नाहीत, तर पॅकेज बनवणाऱ्याला गरज कळणार कुठून?

मागणी साधी आहे. मशीनवर उर्दू भाषा निवडली की नस्तालीक सोबत यावा आणि उर्दू मजकुरासाठी तोच पहिला असावा. ही तक्रार वितरणांच्या बग-नोंदीत आपणच नोंदवायची आहे, एकदा नव्हे, शंभरदा. तोवर प्रत्येक उर्दू शिक्षकाने फॉन्टची फाईल पेनड्राइव्हवर ठेवावी आणि दिसेल त्या मशीनवर टाकावी. हसरा चेहरा मुलाला जरूर द्या, पण आधी त्याची अक्षरं द्या.