भांडवलशाहीचा अटळ अंत आणि नवी मुंबईची साक्ष

भांडवलशाही स्वतःच्याच अंतर्विरोधांमुळे कोसळणार, हे भाकीत मार्क्सच्या नावावर जमा आहे. त्याला तीन आधार दिले जातात. यंत्रांवरचा खर्च वाढत जाऊन श्रमाचा वाटा घटतो, म्हणून नफ्याचा दर उतरत जातो. माल अमाप तयार होतो, पण तो विकत घेण्याइतकी मजुरी मजुराच्या हाती पडत नाही. आणि कारखान्यांत एकत्र आलेला कामगारवर्ग शेवटी या व्यवस्थेचाच निकाल लावतो. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली निघाला. नफ्याच्या उतरत्या दराची मांडणी एंगल्सने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या खंडात आहे. ही उतरण रोखणारी कारणेही मार्क्सने तिथेच नोंदवली होती. अनुयायांनी मात्र एका प्रवृत्तीचा अटळ नियम करून टाकला.

अटळ अंताच्या या मताची सर्वांत कसदार मांडणी रोझा लक्झेंबर्गने १९१३ साली केली. भांडवलाला वाढण्यासाठी स्वतःच्या बाहेरचा, अजून भांडवली न झालेला प्रदेश सतत लागतो. तो संपला की व्यवस्थेची वाढही संपते, असे तिचे म्हणणे. या सिद्धान्ताची कसोटी पाहायला नवी मुंबईइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू नव्या शहरासाठी ठरला. भातखाचरे, मिठागरे आणि खाडीवरची मासेमारी यांवर जगणारा हा आगरी-कोळी मुलूख १८९४च्या भूसंपादन कायद्याने शहरात ओढला गेला. लक्झेंबर्गने वर्णन केलेला ‘बाहेर’ हाच.

पुढे मात्र तिचे अनुमान टिकत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी या सरकारी औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवर रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने सिडकोच्याही आधीपासून उभे राहत होते. मफतलाल समूहाच्या नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प १९६८ साली सुरू झाला. १९९१नंतर आयातशुल्क उतरले, हजिऱ्यासारख्या ठिकाणी कितीतरी मोठे प्रकल्प आले आणि या पट्ट्यातले जुने कारखाने एकामागून एक मागे पडले. नफ्याचा दर घसरला, हे मार्क्सचे निदान इथे बरोबर ठरते. पण त्यातून अंत झाला नाही. ऐरोली, घणसोली, महापे या भागांत माहिती-तंत्रज्ञानाची संकुले, कॉल सेंटरे आणि डेटा सेंटरे आली. भांडवलाने बाहेरचा प्रदेश एकदा गिळला आणि तिथले उद्योग थकल्यावर त्याच जमिनीतून स्वतःसाठी नवा ‘बाहेर’ तयार केला. कारखान्याच्या भिंतींआड एकत्र आलेला कामगार मात्र पांगला. त्याची जागा कंत्राटदारामार्फत येणारे सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि पाळीचे कर्मचारी यांनी घेतली. व्यवस्थेला मूठमाती देणारा वर्ग व्यवस्थाच घडवते, या विधानाला एवढी पुस्ती जोडावी लागते, की त्या वर्गाला मोडून विखरून टाकण्याचे कामही तीच करते.

मग भांडवलशाहीच्या समर्थकांचे म्हणणे खरे मानायचे का? जुने मोडून नवे उभारणे हा बाजाराचा अंगभूत गुण आहे, संकट हा त्याचा उपचारच आहे, असे ते सांगतात आणि शुम्पीटरचा हवाला देतात. शुम्पीटरने १९४२ साली ‘सर्जनशील विध्वंसा’ची कल्पना खरोखरच मांडली. मात्र भांडवलशाही टिकेल का, या प्रश्नाला त्याच ग्रंथात त्याने नकारार्थी उत्तर दिले आहे, हे समर्थक सांगत नाहीत. नवी मुंबई तर बाजाराने वसवलेलीच नाही. जमीन सरकारने घेतली, औद्योगिक भूखंड सरकारी महामंडळाने पाडले, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सरकारी पैशातून सुरू झाले. मानखुर्द-वाशी लोहमार्ग १९९२ साली खुला झाला. शहरातल्या लोहमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला आणि सिडकोचा पैसा भूखंडांच्या विक्रीतून आला. शेतकऱ्याकडून स्वस्तात घेतलेली जमीन महाग विकून जो फरक उरला, त्यावर हे शहर उभे आहे. बाजार स्वतःला बरा करतो असे म्हणणाऱ्यांनी या उपचाराचा खर्च कुणी सोसला, याचा हिशेब आधी द्यायला हवा.

अंत अटळ नाही आणि व्यवस्था स्वयंभू निरोगीही नाही, तर मग अंतर्विरोधांचे होते काय? कार्ल पोलान्यीने १९४४ साली या प्रश्नाच्या जवळ जाणारे उत्तर दिले. जमीन आणि श्रम विकण्यासाठी निर्माण झालेले नसतात. त्यांना निव्वळ माल म्हणून वागवले की समाज उलटून उभा राहतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी नव्या शहराच्या टापूतल्या जासई परिसरात शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी असेच उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याच्या रेट्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० साली आली आणि १९९४ साली तिचा विस्तार झाला. सार्वजनिक सुविधांसाठीची कपात जाऊन हाती येतात ८.७५ टक्के. तरीही जमिनीच्या वाढीव किमतीत मूळ मालकाचा हक्क मान्य करणारी ही तरतूद देशात अपवादात्मक होती.

श्रमाच्या बाजूने असेच घडले. अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेल्या हमालांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. या कायद्यानुसार मालक आणि कामगार दोघांचीही नोंद माथाडी मंडळाकडे होते, मजुरी मंडळामार्फत मिळते आणि तिच्यावर मालकाने भरलेल्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची सोय होते. मुंबईतल्या मशीद बंदर परिसरातला घाऊक बाजार वाशीला आला, तेव्हा हा कायदा आणि हमालांच्या टोळ्याही त्याच्याबरोबर आल्या. कोपरखैरणे आणि घणसोली येथे माथाडींची घरे झाली. कारखाना पट्ट्यातला कायम कामगार कंत्राटी होत असताना पाठीवर पोती वाहणारा हमाल कायद्याच्या छत्राखाली होता. या फरकाचे कारण नफ्याच्या दरात सापडत नाही. ते संघटनेत आणि तिने मिळवलेल्या कायद्यात सापडते. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याच्या वेळीही तेच दिसले. पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला, आणि लोकांच्या विरोधापुढे ते संपादन पूर्ण होऊ शकले नाही.

या मंडनावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. साडेबारा टक्क्यांचे भूखंड अनेकांनी बिल्डरांना विकले किंवा भागीदारीत दिले. कालचा विरोधक आज जमिनीचे भाव वाढण्याची वाट पाहतो. म्हणजे प्रतिकारानेच व्यवस्थेचे आयुष्य वाढवले. हे खरे आहे, आणि कोसळण्याच्या सिद्धान्ताविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावाही हाच आहे. पण त्यामुळे मिळवलेला हक्क खोटा ठरत नाही. ज्या कुटुंबाला भूखंड मिळाला आणि ज्याला काहीच मिळाले नाही, त्यांच्या पुढच्या पिढ्यांत पडलेले अंतर गावोगाव उघड दिसते. अटळ अंताची वाट पाहत बसलेल्या राजकारणाला हे अंतर क्षुल्लक वाटते. माणसांच्या दृष्टीने ते सर्वस्व असते.

वाटाघाट होऊ शकत नाही ती निसर्गाशी. भांडवली शेती संपत्तीच्या जमीन आणि मजूर या दोन्ही मूळ स्रोतांचा ऱ्हास करते, हे मार्क्सने पहिल्याच खंडात लिहिले होते. भाकितांच्या गदारोळात हा भाग सर्वांत कमी वाचला गेला. ठाणे खाडीला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. नवी मुंबईत मात्र विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावठाणे हलली. भरतीचे पाणी सामावून घेणारी पाणथळ जागा भरावाखाली गेली, तर तिच्याऐवजी साडेबारा टक्के कुणी परत देऊ शकत नाही. त्यातूनही भांडवलशाही कोसळेलच असे नाही, कारण एक किनारा निकामी झाला की ती दुसरीकडे जाऊ शकते. जाता येत नाही ते दिवाळे, वाशी, सारसोळे इथल्या कोळीवाड्यांना. म्हणून खाडीचे रक्षण भांडवलाच्या अंतावर सोडता येत नाही. ते जासईसारख्या संघटित दबावाने आणि माथाडी कायद्यासारख्या बंधनकारक तरतुदीनेच करावे लागते.