उसन्या नावाची जमीन

नागपूर-अमरावतीकडील कुटुंबांस रायपूर कधीच परके वाटले नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून तेथे मराठी घरे आहेत. 1956 पर्यंत तर नागपूर व रायपूर एकाच राज्यात होते. 2000 साली रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले, शहर चहूबाजूंनी वाढले, आणि निवृत्तीनंतर हाती आलेल्या फंडाच्या रकमेस तिकडील प्लॉटची वाट दिसू लागली. असा व्यवहार पुष्कळदा तेथील एखाद्या आप्ताच्या मध्यस्थीने होतो. "मामा, तुम्ही कशाला खेटे घालता? सध्या माझ्या नावे खरेदी होऊ द्या, पुढे पाहू," असे भाचा म्हणतो. भाच्याच्या मनात काही काळेबेरे असते असे नाही. परंतु "पुढे पाहू" म्हणण्यास कायद्याने जागाच ठेवलेली नाही.

बेनामी व्यवहारांविषयीचा कायदा 1988 सालचा; त्यास धार आली ती 1 नोव्हेंबर 2016 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि लाभ मात्र पैसा देणाऱ्याचा, असा व्यवहार बेनामी होय. पत्नी, पती वा अपत्य यांच्या नावे आपल्या ज्ञात उत्पन्नातून केलेली खरेदी त्यातून वगळली आहे. भाऊ, बहीण किंवा आईवडील यांच्या बरोबरीने आपलेही नाव दस्तात असेल तर तीही. भाचा, जावई आणि मेहुणा या सवलतीत बसत नाहीत. बेनामी ठरलेली जमीन मोबदल्यावाचून सरकारजमा होते. भाच्याने ती मामाच्या नावे परत करून दिली तर तो दस्त रद्दबातल होय, आणि तो उलटला तर मामास दावाही लावता येत नाही! कर, देणी वा एखादा कायदा चुकविण्याच्या हेतूने हे केले असेल तर 1 ते 7 वर्षे सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. तोही नाव देणारा व पैसा देणारा या दोघांस.

नाव उसने देण्याची विनंती दलालाकडूनही येते, आणि ती अधिक घातक. रायपूर जिल्ह्यातील अभनपूर भागातून रायपूर-विशाखापट्टणम महामार्ग जातो. भूसंपादनाच्या वेळी तेथे लहान तुकड्यांस मोठ्या शेतापेक्षा कितीतरी चढा दर मिळत होता. संपादनाची अधिसूचना निघाल्यावर जमिनीचे तुकडे पाडून, ते मागील तारखेचे दाखवून, अनेक नावांवर वाढीव भरपाई उचलल्याचा आरोप झाला. प्राथमिक चौकशीत रक्कम सुमारे 43 कोटी रुपये सांगण्यात आली. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे दिला. एप्रिलमध्ये छापे पडून अटका झाल्या, व त्यांत जमिनीचे व्यवहार करणारेही होते. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. "रस्ता येणार आहे, चौघांच्या नावे चार तुकडे घ्या," असे कोणी सुचविले तर मात्र अधिसूचनेची तारीख आधी विचारावी. उत्तरादाखल तो हसला, तर चहा पाजून त्यास निरोप द्यावा.

आपल्या सात-बाराच्या ठिकाणी तिकडे खसरा व बी-1 हे उतारे असतात. 'भुइयां' या सरकारी संकेतस्थळावर ते घरबसल्या पाहता येतात. विकणारा आदिवासी असल्यास 1959 च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे बिगर-आदिवासीने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती जमीन घेऊ नये. अनुसूचित क्षेत्रांत तर असे हस्तांतर मुळातच निषिद्ध आहे. आदिवासी नोकराच्या नावे खरेदी करणे हा त्यावरचा तोडगा नव्हे, तीही बेनामीच. रोख रकमेचा आग्रहही मानू नये. जमिनीपोटी 20,000 रुपये वा अधिक रोख घेणाऱ्यास तेवढाच दंड भरावा लागू शकतो. परंतु ती रक्कम आणली कोठून, हा प्रश्न देणाऱ्याच्याही दारी येतो.

प्रवास खरोखरच झेपत नसेल, तर त्यासाठी सरळ उपाय आहे. खरेदी स्वतःच्या नावे करावी, पैसा स्वतःच्या बँक खात्यातून द्यावा आणि दस्त नोंदविण्यापुरते मुखत्यारपत्र भाच्यास द्यावे. ते आपल्या राहत्या ठिकाणच्या दुय्यम निबंधकासमोर साक्षांकित करून घेता येते. अमरावतीच्या मामांस त्यासाठी अमरावती सोडावी लागत नाही.